शून्य न झालेली रायफल

आधी चहा संपवून घ्या. पुढचे ऐकताना तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे, आणि हसताना चहा नाकात गेला तर ती जबाबदारी माझी नाही. फजिती माझी आहे, तेव्हा ती सांगण्याचा अधिकारही माझाच. पनवेलभर तिच्या इतक्या अशुद्ध आवृत्त्या फिरत आहेत की शेवटी म्हटले, शुद्ध प्रत आपणच काढावी!

तर मी पोतनीसबाई. पनवेलच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेली. आणि माझ्या घरी एक रायफल आहे.

दचकू नका. रीतसर परवाना आहे.

आमच्या ह्यांची शिरढोणच्या बाजूला वडिलोपार्जित शेती होती. रानडुकरे भातात शिरून एका रात्रीत सगळे पीक आडवे करत. म्हणून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ह्यांनी ती घेतली. देशी कारखान्यातली, शिकारीसाठी बनवलेली, साधी. एक गोळी झाडली की हाताने एक दांडा मागे ओढायचा, पुन्हा पुढे सारायचा, तेव्हा दुसरी गोळी आत जाणार. त्या दांड्याला सगळे ‘बोल्ट’ म्हणतात. मी ‘अडसर’ म्हणते. दाराला असतो तसाच तर तो आहे! आपल्याकडे शब्द असताना उसना कशाला आणायचा?

हे गेले आणि परवाना माझ्या नावावर झाला. आता ज्यांच्या घरी बंदूक नाही, त्यांना एक गंमत माहीत नसेल. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात नेऊन जमा कराव्या लागतात, आणि निकाल लागला की परत आणायच्या. मतदानाला मी चालत जाते, पण रायफलला रिक्षाने न्यावे लागते!

यंदा ती परत आणली त्याच दिवशी माझे दीर, अनंतभाऊजी, सुकापूरहून टपकले. भाऊजी बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाले आहेत, आवाज मात्र अजून भोंग्याचाच आहे.

“आणलीत परत? अहो वहिनी, राहू द्यायची होती तिथेच! कपाटात तेवढीच जागा झाली असती.”

“भाऊजी, ही तुमच्या दादांची आठवण आहे.”

“आठवण? दादाने नेम धरला डुकरावर आणि उडवली शेजारच्या विहिरीवरची बादली! ही आठवण! सगळ्या गावाच्या आठवणीत आहे ती.”

ही बादली म्हणजे आमच्या घराण्याला लागलेली कीड आहे. भाऊजी ती गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतात. मुंजीत सांगतात. बारशाला सांगतात, तेव्हा बाळसुद्धा रडायचे थांबून ऐकते. दर वेळी बादली थोडी मोठी होते आणि डुक्कर थोडे जवळ येते. मागच्या लग्नात तर डुक्कर ह्यांच्या मांडीवर बसायचेच काय ते शिल्लक राहिले होते!

आणि हे बिचारे जन्मभर एकच वाक्य म्हणत राहिले. “मी नेम बरोबर धरला होता. रायफल डावीकडे मारते.” त्यावर सगळे आणखी हसत.

त्या दिवशी माझे डोके फिरले.

“भाऊजी, रायफल सरळ मारते हे मी सिद्ध करून दाखवीन.”

“कोण, तुम्ही?”

“मीच. खाणीतल्या मैदानावर जुन्या शिकारी रायफलींची स्पर्धा आहे ना? तिथे उतरते. निम्मे गुण मिळाले नाहीत, तर ही रायफल मी स्वतः नेऊन कायमची जमा करीन.”

“आणि मिळाले तर?”

“तर बादलीची गोष्ट तुमच्या तोंडून पुन्हा निघायची नाही. एकाही लग्नात नाही.”

भाऊजी आढ्याकडे बघू लागले. त्यांच्याकडे दुसरी गोष्टच नाही हो! मग म्हणाले, “ठरलं. पण वहिनी, शब्द म्हणजे शब्द.”

शब्द म्हणजे शब्द! आणि हे भाऊजी मला सांगत होते. मला!

आता त्या मैदानाविषयी. डोंगराच्या पायथ्याशी एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिच्या मालकाचा मुलगा प्रीतम घरत. जमिनी विकल्या गेल्या, गळ्यात जाड साखळी आली आणि त्याला नेमबाजीचे वेड लागले. सरकारी परवानग्या काढून त्याने खाणीतच नेमबाजीचे मैदान उभारले. स्वतःकडे परदेशी रायफली, अंगावर खिसेच खिसे असलेले जाकीट, आणि तोंडाची टकळी अखंड सुरू. आठवीत तो माझ्या वर्गात होता. तेव्हा जाकीट नव्हते, टकळी होती.

मला पाहताच तो उभा राहिला आणि तोंडातला च्युइंगम गिळला.

“बाई! तुमी? हितं? रायफल घेऊन?”

“‘तुम्ही’. ‘इथे’. आणि हो, मीच.”

त्याने रायफल हातात घेतली, अडसर मागेपुढे केला, नळीतून उजेडाकडे पाहिले आणि सुरू झाला. “बाई, फॅक्टरी रायफल हाय ही. लाइनवरनं जशी आली तशी. ॲक्युरसी पायजे तर बेडिंग चेक करू, बॅरल फ्री फ्लोट करू, स्क्रू टॉर्क करू, मग ग्रुपिंग टेस्ट, मग झीरो, मग मॅचला रेडी!”

“प्रीतम, तू आत्ता जे बोललास त्यात मराठी शब्द किती होते?”

त्याने विचार केला. “‘मग’ होता, बाई. तीन वेळा.”

“माझ्याशी बोलायचं तर मराठीत बोलायचं. इंग्रजी शब्द आला की मला ऐकू येणार नाही.”

“रायफलला काय बोलू?”

“रायफल रुळलेला शब्द आहे. तो चालेल. बाकीचे भाषांतर करून बोल.”

मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या गळ्यातला फास मी स्वतःच वळला. तोही अस्सल मराठी काथ्याचा!

पण सुरुवात किती छान झाली होती म्हणून सांगू! प्रीतम घाम पुसत पुसत भाषांतर करू लागला.

“बाई, हिचं… अंथरूण बरोबर नाय.”

“काय?”

“म्हणजे लोखंड लाकडात जिथं झोपतं ना, ते हलतंय.”

“त्याला बैठक म्हण. लोखंडाची बैठक.”

“बैठक! हां. आणि नळी… ती तरंगती पायजे.”

“नळी काय होडी आहे तरंगायला? मोकळी म्हण. पुढचं लाकूड तिला कुठेही शिवता कामा नये, असंच ना?”

“तसंच, बाई! नळी लाकडाला टेकली की गोळी सुटताना तिला धक्का बसतो. थंड असताना एक, तापली की दुसरा. मग गोळ्या कुठं पन जातात.”

“पण.”

“पण काय, बाई?”

“‘पन’ नाही, ‘पण’.”

मग त्याने वर्तमानपत्राची एक लांब पट्टी फाडली आणि नळी व तिच्याखालचे लाकूड यांच्या फटीत घालून मागे मागे सरकवत नेली. फट सारखी असेल तर पट्टी सरळ मागेपर्यंत जाते. ती मध्येच अडली. उजवीकडे.

“बाई, हे बघा. या अंगाला लाकूड फुगलंय. आपल्याकडची दमट हवा ना! नळीला दाबून डावीकडं ढकलतंय.”

“कुठे?”

“डावीकडं.”

मी खाली बसले. चष्मा काढून पदराने पुसला. ‘रायफल डावीकडे मारते.’ एवढे साधे, शुद्ध, कर्ता-क्रियापद असलेले वाक्य हा माणूस जन्मभर सांगत होता, आणि त्याला काय मिळाले? बादली!

आता तर माघार घेणे शक्यच नव्हते. स्पर्धा गेली खड्ड्यात, मला त्या बादलीचा सूड घ्यायचा होता!

पुढचे दिवस मी रायफलला वाहून घेतले. मुंबईतल्या परवानाधारक कारागिराकडून बैठक पक्की करून घेतली, ढिले झालेले स्क्रू त्याच्याकडूनच नेमक्या दाबाने आवळून घेतले. फुगलेले लाकूड मात्र मी स्वतः घासले. माझ्याकडे शाळेतला गोल रूळ आहे. त्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि नळीखालच्या पन्हाळीत रोज थोडा थोडा फिरवला. त्या रुळाने पुष्कळांना वळण लावले होते, लाकडाला प्रथमच लावत होते. पट्टी सरळ मागेपर्यंत गेली, त्या दिवशी मी स्वतःसाठी शिरा केला. मग दमट हवा पुन्हा शिरू नये म्हणून आतून व्हार्निशचा हात दिला.

नळी आतून ब्रशने आणि तेलाच्या फडक्याने इतकी घासली की शेवटचे फडके पांढरेशुभ्र बाहेर आले. नळीच्या तोंडाची कड कुठे खरचटलेली नाही ना, हे प्रीतमने भिंगातून पाहिले. तिला इंग्रजीत ‘क्राउन’, म्हणजे मुकुट, म्हणतात म्हणे. तो शब्द मी चालवून घेतला, शोभून दिसतो. चाप मात्र हलका करू दिला नाही. चाप कडकच हवा! बोटाने सावकाश, सरळ, न दचकता दाबला की तो आपले काम चोख करतो. कडक माणसांचेही तसेच असते, पण हे लोकांना कळत नाही.

काडतुसे सगळी एकाच खोक्यातली घेतली. नळी तापू नये म्हणून प्रत्येक गोळीनंतर थांबायचे, आणि थांबायचे किती? मी मनातल्या मनात सर्व विभक्तींचे प्रत्यय एकवचनात व अनेकवचनात म्हणत असे. संबोधन आले की पुढची गोळी.

आणि फरक? अहो, काय सांगावा! ह्या उपद्व्यापाआधी मी झाडलेल्या गोळ्या कागदावर मधल्या सुट्टीतल्या मुलांसारख्या पसरल्या होत्या. आता त्याच गोळ्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या एकमेकींना खेटून लागू लागल्या. खांदा काळानिळा पडला होता, पण मान ताठ होती.

प्रीतम दुर्बिणीतून पाहून ओरडला, “बाई! ग्रुप—नाय नाय—गट! गट कडक आलाय!”

“पण प्रीतम, हा गट कोपऱ्यात आहे रे. वर, उजवीकडे. मी तर मधल्या काळ्या ठिपक्यावर नेम धरला होता.”

“त्याचं टेन्शन… त्याची काळजी करू नका. आधी गट बघायचा. जागेचं आमी नंतर बघतो.”

आता तुम्हीच सांगा, पनवेलच्या जमीनवाल्याने ‘जागेचं आम्ही बघतो’ म्हटल्यावर कोण काळजी करील? इथे सगळे तालुके त्या एका वाक्यावर चालले आहेत! मी निश्चिंत झाले. आणि तेवढ्यात तो म्हणाला,

“आता फकस्त शून्य करू.”

“काय करू?”

“शून्य, बाई. तुमची रायफल शून्यावर आणायला पायजे. शून्य झाल्याबिगर स्पर्धेत काय खरं नाय.”

माझ्या कानशिलातून वाफ निघाली.

“प्रीतम, मी एवढे कष्ट घेतले ते शून्यावर येण्यासाठी? शून्य मी दिलेलं आहे. घेतलेलं नाही!”

“तसं नाय हो, बाई. शून्य सगळेच करतात! मी पण स्पर्धेच्या आधी दर वेळी शून्यच करतो.”

“ते मला ठाऊक आहे. आठवीच्या चाचण्या मीच तपासत होते.”

मागे बसलेली दोनचार मंडळी खो-खो हसली. प्रीतम लाल झाला. मी आणखी चढले. “आणि ‘शून्य करणे’ असा प्रयोग मराठीत नाही. शून्य होते, शून्य मिळते, शून्य उरते. ते कोणी मुद्दाम करायला जात नाही. हा शब्द माझ्यासमोर पुन्हा नको.”

“पण बाई—”

“नको म्हटलं ना?”

तुमच्यात कोणी नेमबाज असेल तर तो आत्ताच भिंतीवर डोके आपटत असेल. आपटू द्या. मीही नंतर आपटले आहे.

प्रीतमने थोडा वेळ डोके खाजवले. मग त्याला काही सुचले, चेहरा उजळला. “बाई, मग नुसती माशी सरकवू का?”

मी इकडेतिकडे पाहिले. माझ्या डब्यावर खरोखरच एक बसली होती. पदराने वारा घातला.

“गेली. बोल आता.”

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा मी त्याच्या निबंधांकडे बघत असे. मग हळूच म्हणाला, “बरं, बाई.” आणि उठून पाणी प्यायला गेला.

त्यानंतर त्याने किती प्रयत्न केले असतील बिचाऱ्याने! आमचे संभाषण हे असे.

“बाई, ते राहिलंय.”

“काय राहिलंय?”

“ते… तुमी बोलू नको बोललात ते.”

“मग बोलू नकोस.”

एकदा त्याने तोंडाने न बोलता हवेत बोटाने भले मोठे वाटोळे काढले. मी म्हटले, “शब्द नको म्हणजे चित्रही नको.” दुसऱ्यांदा गट पाहून म्हणाला, “गट एक नंबर हाय बाई, पण शून्य नाय.” ते मात्र मला आवडले. बघा, किती सुधारला! गट उत्तम आणि शून्य नाही, ही माझ्या मते प्रशस्तीच होती. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. “असंच बोलत जा,” म्हटले.

स्पर्धेच्या दिवशी खाणीत जत्रा भरली होती. भाऊजी सुकापूरहून दोन गाड्या भरून नातेवाईक घेऊन आले होते. घडीची खुर्ची, थर्मास, चिवडा, सगळी तयारी! येता येता त्यांनी बादलीची गोष्ट गाडीतल्या नव्या जावयाला सांगून घेतली होती. अखेरचा प्रयोग म्हणून, असे ते मला म्हणाले. पण आवाजात अखेरचे काही वाटत नव्हते.

“वहिनी, पोलीस ठाण्यापर्यंत गाडी आणलीय हो! परत जाताना वाटेतच आहे.”

“भाऊजी, चिवडा खा. तोंड भरलेलं असलेलं बरं.”

माझे नाव पुकारले गेले. पदर खोचून मी मेजाशी बसले, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली. प्रीतम धावत आला.

“बाई, गुण धरायच्या आधी सरावाच्या गोळ्या मारता येतात. दोन मारा. कुठं लागतंय बघून पटकन मी ते—ते आपलं—शून्य—”

“प्रीतम!”

“सॉरी, बाई.”

“उत्तरपत्रिकेला कच्चा कागद लागतो तो अभ्यास न केलेल्यांना. मी अभ्यास केला आहे. मागे हो.”

तो मागे झाला. कानांवर हात ठेवून, डोळे मिटून उभा राहिला. मला वाटले, आवाजाची भीती वाटते!

आणि मी अशी रायफल चालवली म्हणून सांगू! श्वास अर्धा सोडला, थांबले, चाप सावकाश दाबला. धाड! अडसर मागे, अडसर पुढे. प्रथमा, द्वितीया, तृतीया… संबोधन. धाड! पाच गोळ्या. एकदाही बोट दचकले नाही, एकदाही पापणी हलली नाही.  मागे चिवड्याचा आवाजसुद्धा थांबला होता. मनात म्हटले, बघा, ऐका, शिका!

कागद आणला गेला. पंच म्हणून आलेले गृहस्थ त्याच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे.

“मॅडम… पाचही गोळ्या एकाच जागी आहेत.”

“ते मला माहीत आहे.”

“अशा नीट एकावर एक की पाणीपुरीच्या पुरीखाली झाकून जातील.”

“धन्यवाद.”

“पण त्या वर्तुळांच्या बाहेर आहेत. वर, उजव्या कोपऱ्यात. वर्तुळात एकही नाही. गुण… काहीच नाहीत.”

खाणीत असा हशा उसळला की वरून दोन दगड सुटले असतील! मी प्रीतमकडे वळले.

“प्रीतम! जागेचं तू बघणार होतास!”

“तुमी बघू कुठं दिलंत, बाई?” पोराच्या डोळ्यांत पाणीच यायचे राहिले होते. “महिनाभर सांगतोय! झीरो करा, झीरो करा! नेम जिथं धरला तिथंच गोळी लागली पायजे. दोघांतलं अंतर शून्य. त्याला बोलतात झीरो! लाकूड घासलं, बैठक बदलली, की गोळीची जागा बदलते. मग माशी जराशी सरकवायची, की गट सगळाच्या सगळा मधे येतो. पाच मिनिटांचं काम, बाई! पाच मिनिटांचं!”

“कोणती माशी?”

त्याने नळीच्या टोकावर उभ्या असलेल्या बारीक खुंटीवर बोट ठेवले. जिच्यावरून मी इतके दिवस नेम धरत होते, तीच. “ही. हिला माशी बोलतात. तुमी मराठीत बोल म्हणालात म्हणून आजोबांचा शब्द शोधून काढला, आणि तुमी वारा घातलात!”

इथेच शिंकली ती माशी. घरी जाऊन मी शब्दकोश उघडला. आहे हो. ‘माशी: बंदुकीच्या नळीच्या टोकावरील नेम धरण्याची खूण.’ जन्मभर मराठी शिकवले, आणि मराठी शब्द समोर आला तेव्हा पदराने हाकलला!

पण ते घरी गेल्यावर. खाणीत त्या क्षणी माझ्यासमोर भाऊजी उभे होते, आणि शब्द म्हणजे शब्द होता. मी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, पिशवीत घातली आणि पिशवी उचलली.

“चला, भाऊजी. गाडी काढा. निम्मे गुण मिळाले नाहीत. जमा करते.”

 भाऊजींच्या हातात तो कागद होता. ते त्या पाच भोकांवरून अंगठा फिरवत होते, पुन्हा पुन्हा.

“वहिनी, ही पाचही एकाच ठिकाणी मारते?”

“दर वेळी.”

“आणि लाकडाने नळी डावीकडे ढकलली जात होती?”

“प्रीतमला विचारा. त्याने मला पट्टी घालून दाखवलं. हे खरं बोलत होते, भाऊजी.”

भाऊजींचा भोंगा प्रथमच बारीक वाजला. “मग दादाचा नेम बरोबर होता की. आणि मी मेला इतकी वर्षं…” त्यांनी नाक ओढले. मग माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली. “ही घरी जाणार. रायफलने काय गुन्हा केलाय? जमा करायचंच असेल, तर पोलीस ठाण्यात तुम्हाला करू!”

“आणि बादलीची गोष्ट?”

“सोडली. देवाशपथ सोडली.” आणि डोळे पुसता पुसता त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे हसू पसरले, ते मी प्रत्येक लग्नात पाहिलेले होते. “बादलीची आता गरज काय, वहिनी? वारा घालून माशी हाकलली! पुढच्या महिन्यात ठाण्याला लग्न आहे!”

हसा, हसा. तुम्हीही हसा. पण ह्यांचे नाव धुऊन निघाले, रायफल कपाटात आहे, आणि ‘शून्य करणे’ हा प्रयोग मला आजही अशुद्धच वाटतो. नेम जुळवणे म्हणा, माशी जुळवणे म्हणा, मी अडवते का? चूक माझी झाली, व्याकरणाची नव्हे!

त्या दिवशी तेवढ्यावरच मी ताठ मानेने खाणीबाहेर पडले असते, तर निदान रुबाब तरी राहिला असता. पण बाहेर पडायच्या वाटेवरच निकालाचा फळा होता.

काळा फळा, पांढरा खडू. नावे आणि गुण. लोक त्याच्याभोवती गर्दी करून उभे होते, आणि तळाच्या ओळीत कोणीतरी लिहिले होते: ‘कुमूदीनी पोतनिस – शुन्य’.

मी थांबले. पुढे जायचा प्रयत्न केला. खरेच केला. पाय उचलेना.

“बाई, चला ना,” प्रीतम मागून कुजबुजला. “सगळी बघतायत. कशाला उगाच?”

“खडू दे.”

“बाई, नका…”

“खडू!”

गर्दी बाजूला झाली. मी पदराच्या टोकाने ओळ पुसली. कुमुदिनी: मु ऱ्हस्व, दि ऱ्हस्व, नी दीर्घ. पोतनीस: नी दीर्घ. आणि मग, साऱ्या पनवेलच्या देखत, भाऊजींच्या दोन गाड्या भरून आणलेल्या नातेवाइकांच्या देखत, जिने आयुष्यात शून्य फक्त दिले होते, घेतले नव्हते, त्या मी माझ्याच नावापुढे माझ्याच हाताने, ठळक, सुवाच्य अक्षरांत लिहिले: शून्य.

शू दीर्घ.